होकाराची सवय

बरकतपुऱ्यातल्या सोनकांबळ्यांच्या घरी फोन वाजला आणि पलीकडून कुणी मराठीत बोललं, की पुढचं वाक्य काय असणार हे दीपमालाला आधीच माहीत असायचं. "ताई, रविवारी अनिरुद्ध मोकळा आहे का?"

कुणाचा गृहप्रवेश असे, कुणाच्या नातीचं नामकरण, कुणाच्या गेलेल्या वडिलांचं पुण्यानुमोदन. नांदेड, परभणी, लातूरकडून येऊन हैदराबादला नोकरीधंद्याला लागलेल्या बौद्ध घरांत वंदना घेणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती. जुनी गेली. नव्यांना देवनागरी वाचतानाच धाप लागायची, तिथे पालीचं कुठलं नाव काढता. आणि अनिरुद्धला सगळं तोंडपाठ. त्रिशरण, पंचशील, परित्राणपाठ, लग्नातल्या मंगल गाथा. एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. पांढरा सदरा घालून, तसबिरींसमोर मेणबत्त्या लावून तो सुरू झाला, की मागच्या खोलीत भजी तळणाऱ्या बायासुद्धा गॅस बारीक करून हात जोडायच्या. संपल्यावर म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरून यायचे. एकेक जण येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि दीपमालाला म्हणायचा, "बाई, पोर नाही, रत्न आहे."

म्हणून फोन आला की दीपमाला कुणाला विचारायला जात नसे. "येईल ना. त्याला काय," एवढं सांगून मोकळी व्हायची. नंतर अनिरुद्धला सांगायची, "रविवारी रामनगरला जायचंय." तो म्हणायचा, "हो."

हे 'हो' तिनेच शिकवलेलं होतं. अनिरुद्ध पाच वर्षांचा होईपर्यंत बोललाच नव्हता. दिवसभर सदऱ्याचं खालचं टोक बोटांवर गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा. हाक मारली तर मान वर करायचा नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून तिने त्याला एका शिकवणीत घातलं. तिथल्या बाई बिस्किटाचा तुकडा स्वतःच्या डोळ्याजवळ धरायच्या आणि म्हणायच्या, माझ्याकडे बघ. बघितलं की तुकडा मिळायचा. हात खाली ठेवले की तुकडा. 'हो' म्हटलं की मोठा तुकडा. बाईंनी बजावलं होतं, घरीही हेच करा, खंड पाडू नका. दीपमाला वाणिज्य शाखेची पदवीधर, विमा कंपनीच्या ऑफिसात कामाला. सांगितलेलं काम नीट आणि रोज करायचं, ही तिची जन्माची रीत. बिस्किटं संपली तर तिने शेंगदाण्यावर शिकवलं. बसायचंय ना? हो. जेवायचंय ना? हो. पाहुण्यांना जय भीम म्हणायचंय ना? हो. पुढे शाळेत, कॉलेजात सगळे शिक्षक एकच सांगत: फार गुणी मुलगा आहे, कधी उलट बोलत नाही. ते ऐकून घरी येताना तिला रस्ता थोडका वाटायचा.

वंदना मात्र तिने शिकवली नाही, ती सासऱ्यांनी. तातेराव काचिगुड्याला रेल्वेत फिटर होते. ड्यूटीवरून आले की बाजेवर पडून डोळे मिटून पंचशील म्हणायची त्यांची सवय. एके संध्याकाळी ते मध्येच खोकायला थांबले, तर बाजेखाली बसलेल्या मुक्या पोराने पुढची ओळ म्हटली. मग त्याच्या पुढची. मग शेवटपर्यंत. दीपमाला स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली, तेव्हा तातेराव बाजेवर उठून बसले होते.

"लेकरू मुकं नाही ग," ते म्हणाले. "तुमच्या गप्पा त्याला आवडत नाहीत, एवढंच."

तेव्हापासून विहार ही एकच जागा अशी झाली, जिथे अनिरुद्धला कुणी वेडा म्हटलं नाही. गल्लीतल्या मुलांनी त्याला खेळायला घेतलं नाही, लग्नकार्यात बायका त्याच्याकडे बघून आवाज खाली आणायच्या, पण तसबिरींसमोर तो उभा राहिला की तीच माणसं त्याच्या मागून म्हणायची. या एका गोष्टीच्या आधारावर दीपमालाने वीस वर्षं काढली. नवरा प्रशांत वरंगळला नोकरीला, शनिवारी यायचा, रविवारी रात्री जायचा. तो म्हणे, "तू करतीस ते बरोबरच आहे." त्यात कौतुक किती आणि अंग काढून घेणं किती, हे तिने कधी तोलून पाहिलं नाही.

एका एप्रिलमध्ये मात्र सगळं कोलमडलं. जयंतीचे कार्यक्रम ओळीने आले. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत, एका मंडपातून दुसऱ्या मंडपात. शेवटच्या कार्यक्रमाहून अनिरुद्ध घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. उठला नाही. बोलेना. नारायणगुड्याच्या ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात तो काम करायचा, तिथून फोन आले. दहीभात तेवढा खायचा, तोही ताट दाराशी ठेवून माणूस निघून गेलं तर. कार्यक्रमांनंतर तो दोनेक दिवस असा मलूल पडतो, हे दीपमालाला माहीत होतं. उन्हाचं झालं असेल, आळस असेल, असं ती धरून चालायची. पण हे दोन दिवसांत संपणारं नव्हतं.

डॉक्टर झाले, मग मनाचे डॉक्टर झाले. त्यांनी सत्ताविसाव्या वर्षी त्याला ऑटिझम असल्याचं सांगितलं आणि हिमायतनगरला भाग्यलक्ष्मी मॅडमकडे पाठवलं. या मॅडम मोठ्या माणसांवरच काम करायच्या. त्यांची खोली एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. दिवा मंद, खाली गाद्या, खिडकीला जाड पडदा. मॅडमची मातृभाषा तेलुगू. पण दीपमालाशी त्या शहराच्या मिसळीच्या हिंदीत बोलायच्या, आणि त्या हिंदीत निम्मे शब्द आपलेच वाटायचे.

"हा बरा कधी होईल?" दीपमालाने पहिल्याच दिवशी विचारलं.

"बिघडलेलाच नाही, तर दुरुस्त काय करू?" मॅडम म्हणाल्या. "तो जसा आहे तसा त्याला जगायला जागा हवी. ती कुठे आहे, कुठे नाही, ते आम्ही दोघं मिळून शोधतो. तुम्ही बसा."

अनिरुद्धने सदऱ्याचं टोक बोटांवर गुंडाळायला घेतलं. दीपमाला सवयीने पुटपुटली, "हात खाली." त्याने हात खाली घेतले. मॅडमनी दोघांकडे पाहिलं. मग शांतपणे त्याला विचारलं, "अनिरुद्ध, ही खोली आवडली?"

"हो."

"इथे गरम होतंय का?"

"हो."

"थंडी वाजतेय का?"

"हो."

दीपमालाला हसू आलं. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

"आमचं सगळं हैदराबाद 'नक्को' म्हणतं," मॅडम म्हणाल्या. "हा शब्द तुम्हा मराठी लोकांनी आम्हाला दिला, असं सांगतात. आणि तुमच्या घरात तो शिल्लकच ठेवला नाहीत."

त्या हसत म्हणाल्या होत्या. टोमणा नव्हता त्यात. पण जिना उतरताना अनिरुद्धने शेवटचं 'नको' कधी म्हटलं होतं, ते दीपमाला आठवून बघत होती.

मग घरात नकाराचा अभ्यास सुरू झाला. रोज एका गोष्टीला अनिरुद्धने 'नको' म्हणायचं आणि घरच्यांनी ते ऐकायचं. पहिल्या सकाळी त्याने चहाला नको म्हटलं. म्हटलं खरं, आणि मग ओट्याजवळ उभा राहून तो बाकीच्यांच्या कपांकडे बघत राहिला.

"अरे, प्यायचा आसंल तर पी की," तातेराव म्हणाले.

"आजचं नको झालं आजोबा. आता उद्या."

"आमच्या वेळेला नाही म्हणायला सत्याग्रह करावा लागायचा," तातेराव बशीत चहा ओतत म्हणाले. "आता त्याचाबी क्लास लागूलालाय."

धाकटी बहीण शिवानी खो खो हसली. अनिरुद्धही हसला, थोडा उशिराने. त्या दिवसांत दीपमालाला वाटलं होतं, की जमेल. पुढे त्याने दोडक्याला नको म्हटलं, पंख्याला नको म्हटलं, प्रशांतने आणलेल्या निळ्या शर्टला नको म्हटलं. दर वेळी तो आधी आईच्या तोंडाकडे बघायचा, बरोबर आलं का म्हणून. तिथेच ती अडखळायची. मान हलवली तर ती शाबासकी झाली. नाही हलवली तर तो घाबरायचा. नकारही तो तिच्यासाठीच म्हणत होता.

आणि एकदा, ती खोलीत असताना, त्याने मॅडमना सांगितलं. खाली गादीकडे बघत, एका सुरात, वंदना म्हणावी तसं.

"वंदना मला आवडते. माईक आवडत नाही. जेवणाचा आवाज आवडत नाही. संपल्यावर सगळे डोक्यावर हात ठेवतात. ते निघून गेले तरी हात जात नाहीत. रात्रभर कातडी जळते."

रिक्षात दीपमाला त्याच्यापासून जरा सरकून बसली. ज्या हातांकडे बघून ती वीस वर्षं सुखावली होती, तेच हे हात.

त्यानंतर फोन आले की ती कारणं सांगायला लागली. ऑफिसचं काम आहे, गावाला गेलाय, घसा बसलाय. माणसं काही दिवस समजून घेत, मग बोलायला लागत. एक बाई तर म्हणाल्या, "मोठी माणसं झालात ताई. आता आमच्यासारख्यांच्या घरी कशाला येईल तो." दीपमालाने ऐकून घेतलं. सांगणार काय? तुमच्या मायेने माझ्या पोराची कातडी जळते, असं कुणाला कसं सांगायचं?

अशात शिवानीचं लग्न ठरलं. मुलगा सौरभ, नांदेडकडच्याच घरातला, नोकरीला इथेच. दोघांनी एकमेकांना पसंत करून मग घरी सांगितलेलं. सगळं हसतखेळत. शिवानी लहानपणापासून म्हणत आली होती, की माझ्या लग्नात वंदना घेणार तो दादाच. दुसरा कुणी उभा राहिला तर मी बसणारच नाही. आता ते लग्न आलं होतं.

ती मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "मला नका विचारू. त्याला विचारा. पण एकदाच. आणि उत्तर लगेच घेऊ नका. लगेच आलेलं उत्तर त्याचं नसतं. तो आपणहून येईल तेव्हाचं त्याचं."

दीपमालाने वाक्य मनात घोळवून घोळवून तयार केलं. अनिरुद्ध कपड्यांच्या घड्या घालत होता, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "अनिरुद्ध, शिवानीच्या लग्नात वंदना घ्यायची की नाही, ते तू ठरव. घेतलीस तरी चालेल, नाही घेतलीस तरी चालेल. मी परत विचारणार नाही."

"हो."

"हे उत्तर नाही ना?"

"हो. म्हणजे नाही." त्याने घडी मोडली, पुन्हा घातली. "विचार करतो, मम्मी."

झालं, आता फक्त थांबायचं होतं. आणि थांबणं हे दीपमालाला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. कुकरच्या शिट्टीलाही ती ओट्याशी उभी राहणारी बाई. अनिरुद्ध पाणी प्यायला आला तरी तिला वाटायचं, आता सांगेल. तो पाणी पिऊन जायचा. तिकडे तातेरावांना धीर नव्हता. त्यांनी अंगणातूनच हाक मारली, "का रे, घेणार ना बहिणीच्या लग्नात वंदना?"

"हो आजोबा."

"झालं की मग. एवढ्यासाठी तुम्ही मॅडमच्या पायऱ्या झिजवूलालात."

शिवानी आनंदाने आत आली. "मम्मी, दादा हो म्हणाला."

"तो सगळ्यालाच हो म्हणतो ग," दीपमाला म्हणाली. तोंडातून गेलं आणि तिला परत घ्यावंसं वाटलं.

शिवानी उभी राहिली. "मला पण?"

दीपमाला ओटा पुसायला लागली.

"म्हणजे लहानपणी मी म्हणायची, दादा माझ्याबरोबर शाळाशाळा खेळतो का, सायकलवर मागे बसवतो का, ते पण सगळं..." तिने पुढचं म्हटलं नाही. बांगड्यांची पिशवी उचलली आणि आत निघून गेली. दीपमालाला तिच्या मागे जाता आलं नाही. ते होकार खरे होते का, हे तिलाही माहीत नव्हतं.

सौरभच्या आईचा फोन आला तेव्हा दीपमाला ऑफिसात डबा उघडून बसली होती.

"विहीणबाई, कार्ड छापायला चाललंय. मुलगा प्रेसमध्येच उभा आहे. विधीला नाव कुणाचं टाकायचं? तुमच्या अनिरुद्धचंच ना?"

"दोन दिवस थांबता का?"

"आता कुठलं थांबता. पुढे लग्नसराईची गर्दी, प्रेसवाला हातात सापडत नाही. हो का नाही तेवढं सांगा."

हो का नाही. दीपमालाच्या डोळ्यांसमोर भिंतीकडे तोंड करून निजलेली पाठ आली. दाराशी ठेवलेलं दहीभाताचं ताट आलं. शेकडो माणसांचा हॉल, कर्कश माईक, आणि शेवटी ओळीने पुढे येणारे हात. या एका वेळी तरी आपण मध्ये उभं राहायला हवं, असं तिला वाटलं. इतकी वर्षं जे केलं नाही ते आज करावं.

"नाही," ती म्हणाली. "त्याला नाही जमणार. तुमच्याकडचे बौद्धाचार्य बोलवा."

"बरं. आहेत आमच्या ओळखीचे नांदेडला." मग आवाज मऊ झाला. "तब्येतीचं कानावर होतं आमच्या. आम्ही काही बोललो नाही बरं का विहीणबाई, तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून."

तो मऊपणा दीपमालाला टोचला. पण ती घरी गेली ती हलकी होऊन गेली. अनिरुद्ध खिडकीशी उभा होता. तिने पर्सही खाली ठेवली नाही.

"तू आता काळजी करू नको. लग्नातल्या वंदनेला मी 'नाही' सांगून टाकलं. आता कुणी तुला काही म्हणणार नाही."

त्याची बोटं सदऱ्याच्या टोकावर थांबली.

"मी 'नाही' म्हटलं नव्हतं."

"पण तुला त्रास होतो ना. तूच सांगितलंस मॅडमना."

"मी ठरवत होतो."

"काय ठरवत होतास?"

तो सांगू लागला. शब्द जागच्या जागी बसलेले. कितीतरी वेळा मनात म्हणून पाहिल्यासारखे. लग्नाच्या सकाळी, हॉलवर जायच्या आधी, घरी. आजोबांच्या खोलीत. माईक नाही. घरातली माणसं फक्त. शिवानी समोर बसेल, सौरभलाही बोलवायचं. पूर्ण वंदना, मंगल गाथांसकट. संपल्यावर कुणी जवळ यायचं नाही, तिथूनच हात जोडायचे. मग हॉलवर दुसरं कुणी घेतलं तरी चालेल. "हे मी मॅडमकडे बोलून बघितलं होतं. रविवारी पप्पा आले की सांगणार होतो."

दीपमाला पलंगावर बसली. हो आणि नाही यांच्या पलीकडे असं काही असू शकतं, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. ना तिच्या, ना शिवानीच्या, ना कुणाच्या. त्याने एकट्याने ते शोधून काढलं होतं.

"मग तसंच करू की," ती म्हणाली. "घरचं तर आपल्याच हातात आहे. त्याला काय अडचण?"

"आता ठरलंय. तू सांगितलंस."

"ते हॉलचं रे. हे वेगळं. आपण करू या ना सकाळी? करायचं ना?"

"हो," अनिरुद्ध म्हणाला.

लगेच म्हणाला. मान वर करून, तिच्या डोळ्यांत बघून. बिस्किटाच्या तुकड्याला म्हणायचा तसा.

पुन्हा विचारावं तर पुन्हा हाच होकार येणार. विचारू नये तर ती सकाळ गेली. आणि त्या सकाळी तो आजोबांच्या खोलीत बसला, तरी तो बसलाय की आपण बसवलाय, हे कळायला तिच्याकडे काही साधन उरलं नव्हतं. काही क्षणांपूर्वीपर्यंत होतं, पण तिने ते स्वतःच खर्चून टाकलं होतं.

भाग्यलक्ष्मी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"माफी मागा," त्या म्हणाल्या. "आणि त्यावर त्याने काही म्हणावं अशी अपेक्षा ठेवू नका."

"मग सकाळचं काय करू? करायचं की नाही?"

"मला खरंच माहीत नाही. त्याच्याकडूनच येऊ द्या. वाट बघा."

"लग्न आहे मॅडम. किती वाट बघू?"

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. इतक्या शिकलेल्या बाईकडेही यापुढे काही नाही, हे पाहून दीपमालाला राग यायला हवा होता, आला नाही. ती पाणी प्यायली आणि निघाली.

माफी तिने मागितली. "चुकलं माझं. तुझ्या वतीने मी बोलायला नको होतं." अनिरुद्ध "बरं" म्हणाला आणि ग्रंथालयात गेला. सकाळच्या वंदनेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. तिनेही काढला नाही. हळद झाली, मेंदी झाली, पाहुणे आले, घरात गाद्या पसरल्या, आणि तो विषय सगळ्यांच्या पायांत आल्यासारखा तिथेच पडून राहिला.

लग्नाच्या सकाळी दीपमाला सारखी तातेरावांच्या खोलीकडे जाऊन येत होती. तातेराव एकटेच नवं धोतर नेसून बसलेले. "काय हुडकूलालीस?" त्यांनी विचारलं. "काही नाही मामा," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणे. शिवानी पांढऱ्या साडीत तयार झाली. गाडी दाराशी आली. अनिरुद्ध आपणहून पांढरा सदरा घालून, कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन लावून गाडीत जाऊन बसला. येतोस का, असं तिने विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच राहिली नव्हती. तो आपल्या मनाने आला, की सगळे निघाले म्हणून निघाला, हे ती वाटभर त्याच्या बोटांवरून ताडून बघत होती. बोटं काही सांगेनात.

नारायणगुड्याचा हॉल भरला होता. नांदेडचे बौद्धाचार्य चांगले भारदस्त होते. माईक खरखरला, कुणी त्यावर टिचकी मारली. बाहेर बँडवाले शेवटचं वाजवून घेत होते. अनिरुद्धला शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसवून दीपमाला स्टेजकडे वळते तोच रामनगरच्या एक वयस्क बाई त्याच्याकडे आल्या.

"अरे बाळा, आज तू नाहीस होय? बरं नाही का तुला?" आणि त्यांनी त्याच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

दीपमाला अर्ध्या वाटेत थांबली. परत जावं, तर तिकडून विहीणबाई खुणेने बोलावत होत्या. मुलीची आई जागेवर नाही म्हणून विधी खोळंबला होता. ती स्टेजवर चढली.

सगळे उठून उभे राहिले. वंदना सुरू झाली. दीपमालाने हात जोडले आणि सगळ्यांबरोबर म्हणायला लागली. पण डोळे शेवटच्या रांगेकडे. उभ्या माणसांतून नीट दिसत नव्हतं. लोक खाली बसले तेव्हा कडेची खुर्ची रिकामी होती. पर्समध्ये फोन थरथरला. वधूवरांच्या प्रतिज्ञा व्हायच्या होत्या. शिवानी मान वळवून गर्दीत बघत होती, आणि ती कुणाला बघतेय हे आईला ठाऊक होतं.

फुलं पडली, टाळ्या झाल्या, तेव्हा कुठे तिने फोन काढला. अनिरुद्धचा निरोप होता. मी मेट्रोने घरी जातोय. मला इथे थांबायचं नाही. शिवानीला सांग.

मला थांबायचं नाही. कुणी विचारलेलं नव्हतं. हा अभ्यास नव्हता. कुणाच्या तोंडाकडे बघून म्हटलेलं नव्हतं. हाच नकार यावा म्हणून तर हिमायतनगरच्या त्या खोलीत इतके महिने चाललं होतं सगळं. आणि तो आला बहिणीच्या लग्नात, फुलं पडत असताना.

तिने लिहिलं, 'फोटोपुरता तरी थांब.' पुसलं. 'बरं केलंस' असं लिहिलं. तेही पुसलं, तो पुन्हा बिस्किटाचा तुकडाच झाला असता. शेवटी नुसतं 'वाचलं' एवढं पाठवून दिलं.

"दादा कुठाय?" शिवानी हार सावरत जवळ आली होती.

"घरी गेला."

"का?"

"त्याला थांबायचं नव्हतं. तुला सांग म्हणाला."

"माझ्या लग्नात?" शिवानीने विचारलं. आवाज चढला नव्हता. सौरभने तिच्या कोपराला हात लावला, तसं तिने मान फिरवली आणि पाहुण्यांना नमस्कार करायला लागली.

तातेराव काठी टेकत स्टेजच्या पायरीपाशी आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तू पाठवलंस का ग त्याला?"

"नाही मामा," दीपमाला म्हणाली. "त्याचा तो गेला."

तातेराव तिच्याकडे बघत राहिले. पुढे काहीतरी येईल असं त्यांना वाटत असावं. तो माईकमुळे गेला, त्या बाईंच्या हातांमुळे गेला, की त्याची ती सकाळ आईने घालवली म्हणून गेला, यातलं काय खरं ते तिला कळत नव्हतं. घरी गेल्यावर विचारलं असतं, तर त्याने तिन्हीला हो म्हटलं असतं.

"मुलीकडची माणसं, या लवकर," फोटोवाल्याने हाक दिली. प्रशांत आधीच जाऊन उभा राहिला होता आणि बाजूला एका माणसाची जागा सोडून इकडेतिकडे बघत होता. विहीणबाईंनी दीपमालाचा दंड धरला आणि तिला वर नेलं.